ऑनलाइन दुकान हलवण्याआधी हिशेबपट्टी मांडा

मार्केट यार्डात माल घातलेला शेतकरी भाव ऐकून कधी खूश होत नाही. भाव काय निघाला याला त्याच्या लेखी फारसा अर्थ नसतो. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा होऊन पट्टीवर शेवटी किती रक्कम उरली ती तो पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेले हे शहाणपण आहे. पण हाच शेतकरी आता गटाच्या नावाने इंटरनेटवर दुकान मांडतो आणि तिथे मात्र पट्टी न पाहता नुसत्या भावावर भुलतो. असे एक प्रकरण नुकतेच जवळून पाहिले. ते इतरांच्या कामी यावे म्हणून हा लेख.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावात शेतकरी महिलांचा गट आहे. बेदाणा, हळद पावडर आणि थोडा गूळ असा त्यांचा माल. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे मालाला नाव आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, ऐन बेदाण्याच्या हंगामात व्यापाऱ्यांची ये-जा थांबली. तेव्हा गटातल्या एका मावशींच्या शहरात शिकणाऱ्या भाच्याने त्यांना एका कंपनीचे तयार ऑनलाइन दुकान भाड्याने घेऊन दिले. वर्षाला १५ हजार रुपये भाडे. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक जोडले गेले, दिवाळीत तर पार्सले बांधता बांधता हात दुखायचे.

चार वर्षांनी दुकान जुने झाले. मोबाईलवर उघडायला वेळ लागे, संपलेला मालही शिल्लक दिसे, बिल मराठीत निघत नसे. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, "सगळा माल आम्ही नव्या दुकानात चढवून देतो, त्याचे पैसे नाहीत. फक्त दुकान सजवायचे १८ हजार आणि वर्षाचे भाडे २४ हजार." म्हणजे एकूण ४२ हजार. बैठकीत ठराव झाला, अंगठे-सह्या झाल्या आणि दिवाळीच्या तोंडावर दुकान हलले.

डिसेंबरात गटाच्या अध्यक्षा पंचायत समितीत आल्या. वही पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "साहेब, दुकान हलवलं अन् गिऱ्हाईकच हरवलं. पैसं तर कुठं गेलं ते बी कळंना."

मग आम्ही दोघांनी बसून पट्टी मांडली. ती अशी.

कोटेशनात नसलेली पट्टी

जुने दुकान लगेच बंद करता आले नाही, कारण चार वर्षांची बिले आणि गिऱ्हाइकांची यादी त्यातच होती. मुदत ऑक्टोबरात संपत होती, म्हणून आणखी एका वर्षाचे भाडे भरावे लागले: १५,००० रुपये.

जुन्या दुकानात कुरियरची जोडणी, बिल आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय या सोयी भाड्यातच होत्या. नव्या दुकानात त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागल्या, महिन्याला ११०० रुपये. वर्षाचे झाले १३,२०० रुपये.

छापून ठेवलेल्या ४ हजार पाकिटांवर जुन्या दुकानाचा क्यूआर कोड होता. त्यावर नवे स्टिकर चिकटवणे आले. स्टिकर दीड रुपयाला एक, म्हणजे ६ हजार. चिकटवायला तीन बायका चार दिवस, ३०० रुपये रोज, ते ३,६००. एकूण ९,६०० रुपये.

जुने फोटो नव्या दुकानात लहान आणि धुरकट दिसू लागले. नवे काढून घेतले: ५,००० रुपये.

मोबाईल मेसेजची नोंदणी नव्याने करून घेतली, त्याची मजुरी २,००० रुपये.

कुरियरच्या वजनातला फरक, १४० पार्सलांवर ४५ रुपयांप्रमाणे ६,३०० रुपये.

संगणकावर काम करणाऱ्या मुलीचा पुरा महिना याच दुरुस्तीत गेला, तिचा पगार ९,००० रुपये.

बेरीज झाली ६०,१०० रुपये. कोटेशन ४२ हजारांचे, वरचा खर्च ६० हजारांचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. आणि एवढ्यावर थांबले नाही. आदल्या दिवाळीत ३१० पार्सले गेली होती, या दिवाळीत १४० गेली. पार्सलमागे १२० रुपये सुटतात असे धरले तरी १७० पार्सलांचे २०,४०० रुपये बुडाले. गटाच्या अंतर्गत कर्जवाटपाला दरवर्षी याच पैशातून हातभार लागत असे. त्या वर्षी दोघींना मुलांच्या फीसाठी बाहेरून व्याजाने पैसे काढावे लागले. म्हणून हा विषय नुसता संगणकाचा नाही, संसाराचा आहे.

यातली एकही रक्कम कोणी लबाडीने घेतली नाही. ते खर्च होणारच होते. फक्त आधी विचारले नाही आणि कोणी आपणहून सांगितले नाही. आता एकेक खर्च कसा उपजतो ते पाहू.

दुकानाचा सातबारा कोणाच्या नावावर?

इंटरनेटवरचे दुकानाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, तो त्या दुकानाचा सातबारा समजा. ते ज्याच्या नावावर नोंदलेले, तो मालक. या गटाचे डोमेन भाच्याच्या नावावर आणि त्याच्याच मोबाईल नंबरावर होते. भाचा प्रामाणिक, पण नोकरीनिमित्त परगावी गेलेला, नंबर बदललेला. ओटीपी मिळवण्यात १९ दिवस गेले. तोवर नवे दुकान तयार असूनही गटाचे नाव त्यावर लावता येईना.

तेव्हा पहिले काम हे, की डोमेन गटाच्या किंवा उत्पादक कंपनीच्या नावावर, गटाच्या ई-मेलवर आणि गटाकडे कायम राहणाऱ्या मोबाईल नंबरावर करून घ्यावे. दरवर्षीच्या नूतनीकरणाची तारीख पिकाच्या कर्जाच्या तारखेसारखी वहीत लिहून ठेवावी. पैसे जमा होण्याचे खाते आणि पासवर्ड यांनाही हाच नियम.

वाट बदलली, पाटी लावली नाही

गावातले दुकान गल्लीतून चौकात नेले तर जुन्या दारावर आपण पाटी लावतो, "दुकान चौकात हलवले आहे." इंटरनेटवरही अशी पाटी असते. तिला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. जुन्या पानाचा पत्ता कोणी उघडला की त्याला आपोआप नव्या पानावर पोचवायचे, एवढेच तिचे काम. गूगलही ही पाटी वाचते आणि जुन्या पानाची पत नव्या पानाला देते.

प्रत्येक कंपनीच्या दुकानात पानांचे पत्ते वेगळ्या पद्धतीने बनतात. म्हणून दुकान हलवले की "हळद पावडर अर्धा किलो" या पानाचा पत्ता बदलतो. व्हॉट्सअॅपवर चार वर्षांत पाठवलेल्या लिंका, पाकिटावरचे कोड, गूगलच्या यादीतली जागा, सगळे जुन्या पत्त्यावरच बोट दाखवत राहते. पाटी नसेल तर गिऱ्हाइकाला "पान सापडले नाही" एवढेच दिसते. त्याला वाटते दुकान बंद पडले. या गटाचे दिवाळीचे गिऱ्हाईक गेले ते इथेच. फोन करून विचारणारे थोडेच असतात.

गूगलचा सल्ला असा आहे की ही पाटी शक्य तितके दिवस आणि निदान एक वर्ष ठेवावी. पण त्यासाठी जुना पत्ता आपल्या ताब्यात हवा. गटाच्या पाकिटावरचा कोड जुन्या कंपनीने दिलेल्या पत्त्याचा होता, गटाच्या स्वतःच्या डोमेनचा नव्हता. त्या कंपनीने पाटी लावून दिली नाही, म्हणून ४ हजार स्टिकर लागले. यापुढे पाकिटावर छापायचा कोड नेहमी स्वतःच्या डोमेनचाच असावा. मग दुकान कुठेही हलवा, पाकीट बदलावे लागत नाही.

माल चढवला म्हणजे काय चढवले?

"सगळा माल चढवून देतो" याचा अर्थ बहुधा मालाचे नाव, किंमत आणि फोटो एवढाच असतो. बाकीचे मागे राहते. काय काय राहते ते लक्षात घ्या.

गिऱ्हाइकाचा पासवर्ड बहुतेक वेळा नव्या दुकानात जात नाही, त्याला नवा करावा लागतो. कार्डाची माहितीही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याऐवजी सांकेतिक टोकन असते. म्हणून नव्या व्यवस्थेत गिऱ्हाइकाला कार्ड पुन्हा घालावे लागण्याची शक्यता धरूनच चालावे. आधीच कळवले नसेल तर काही जण इथेच कंटाळून परत जातात.

अभिप्राय, म्हणजे "बेदाणा चांगला निघाला" असे गिऱ्हाइकांनी लिहिलेले चार शब्द, तेही आपोआप जात नाहीत. नव्या गिऱ्हाइकाला कोरे दुकान दिसते.

प्रत्येक मालाचा जीएसटीचा एचएसएन क्रमांक आणि कराचा दर पुन्हा भरावा लागतो. हळदीचा ०९१०, बेदाण्याचा ०८०६, गुळाचा १७०१. तो चुकला तर बिल चुकते आणि नंतर विवरणपत्रात घोळ होतो.

यादी एका दुकानातून दुसऱ्यात एक्सेलच्या फाइलीने नेताना तर फारच जपावे. फाइल युनिकोडमध्ये जतन केली नसेल तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटतात. लेबल छापणाऱ्याकडचा मजकूर जुन्या फाँटात असेल तर तोही तसाच उतरत नाही, पुन्हा टाइप करावा लागतो. एक्सेल लांबलचक मोबाईल नंबर स्वतःच्या बुद्धीने आखडून टाकते आणि सुरुवातीचा शून्य खाऊन टाकते. या गटाच्या यादीतले कित्येक नंबर असेच निकामी झाले. हे सगळे हाताने दुरुस्त करायला महिना लागला. तो पगार कोटेशनात कुठून येणार?

वजन आणि खोका

कुरियर कंपनी मालाचे नुसते वजन पाहत नाही, खोकाही मोजते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५ हजाराने भागायचे. जे उत्तर येईल ते किलोतले वजन. खरे वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. समजा खोका ३० बाय २० बाय १५ आहे. गुणाकार ९ हजार, भागिले ५ हजार, उत्तर १.८ किलो. आत बेदाणा एक किलोच असला तरी भाडे जवळपास दोन किलोचे.

जुन्या दुकानात खोक्याची मापे भरलेली होती. नव्यात नुसते वजन गेले, मापांचा रकाना रिकामा राहिला. दुकानाने गिऱ्हाइकाकडून एक किलोचे भाडे घेतले, कुरियरने गटाकडून दोन किलोचे घेतले. फरक गटाच्या अंगावर. पहिले बिल येईपर्यंत कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मेसेज गेलाच नाही

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यापारी मेसेज पाठवणाऱ्याला आपले नाव आणि मेसेजचा नमुना आधी नोंदवावा लागतो. नव्या दुकानाच्या मेसेजची वाक्ये वेगळी, म्हणून नमुना पुन्हा नोंदवणे आले. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदलेली नसेल तर असा मेसेज अडवला जातो. गटाने नेमके त्याच दिवसांत दुकान हलवले. "आमचे नवे दुकान पाहा" हा मेसेज लिंकेसह पाठवला आणि तो पोचलाच नाही. गटाला मात्र वाटत होते की सगळ्यांना निरोप गेला.

पैशाच्या वाटेतली चाळण

ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणारी कंपनी साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आकार घेते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा हजार रुपयांची ऑर्डर आहे आणि आकार दोन टक्के आहे. मग २० रुपये आकार आणि ३ रुपये ६० पैसे कर, म्हणजे २३ रुपये ६० पैसे वजा. काही दुकान-कंपन्या त्यांची स्वतःची पैशाची सोय न वापरल्यास प्रत्येक विक्रीवर आणखी आपला हिस्सा घेतात. हे महिन्याच्या भाड्यात दिसत नाही. म्हणून विचारताना "महिन्याचे भाडे किती" असे विचारू नये. "हजार रुपयांच्या ऑर्डरीतले आमच्या बँकेत किती येतील आणि किती दिवसांनी येतील" असे विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. दुकानाचा पत्ता बदलला की पैसे घेणारी कंपनी पुन्हा तपासणी करू शकते. परताव्याचे नियम आणि संपर्काचे पान तयार नसेल तर परवानगी लांबते.

काही गट स्वतःचे दुकान सोडून मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत जातात. ते म्हणजे स्वतःचा गाळा सोडून अडत्याकडे माल लावणे. तिथे गर्दी तयार असते, पण कमिशन कापले जाते आणि गिऱ्हाइकाचा नंबर आपल्या हाती राहत नाही. करपात्र मालावर बाजारपेठ जीएसटीपोटी रक्कम कापून सरकारजमा करते. हा दर १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. ही रक्कम आपल्या जीएसटी खात्यात जमा दिसते, पण तोवर खेळते भांडवल अडकते. लहान विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात अशा बाजारपेठेतून माल विकला तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीच्या सक्तीतून अटींवर सूट आहे. परराज्यात पार्सल पाठवायचे असेल तर ही सूट चालत नाही. आपले कुठे बसते ते करसल्लागाराला आधी विचारावे.

जुनी बिले जपा

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. जुने दुकान बंद केले आणि बिले त्यातच राहिली, तर तपासणीच्या वेळी दाखवणार काय? म्हणून हलवण्याआधी सगळी बिले, ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांची यादी उतरवून दोन ठिकाणी ठेवावी. एवढे आधी केले असते तर गटाचे जुन्या दुकानाचे १५ हजार वाचले असते.

मग हलवूच नये का?

तसे मुळीच नाही. जुन्यात बसून राहण्याचाही खर्च असतो. मॅजेंटो नावाची ऑनलाइन दुकानाची प्रणाली २००८ साली आली आणि जगभर वापरली गेली. २०१५ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली आणि ३० जून २०२० रोजी पहिल्या आवृत्तीची देखभाल कंपनीने बंद केली. दोन्हींचे नाव एकच, पण पहिलीची सजावट आणि जोडसोयी दुसरीत चालत नव्हत्या. दुकानदारांना त्या पुन्हा विकत घ्याव्या किंवा बनवून घ्याव्या लागल्या. खर्चाला भिऊन जे जुन्यातच राहिले, त्यांच्या दुकानांना चोरट्यांपासून संरक्षण उरले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे २ हजार मॅजेंटो दुकानांत घुसखोरी झाली, त्यांतली बहुतेक जुन्या आवृत्तीची होती. मोडकळीला आलेल्या घरात राहणे स्वस्त पडते असे नाही. फक्त नव्या घराचा खर्च आधी पुरता मांडावा.

हलवण्याआधी एवढे करा

१. हंगामाच्या तोंडावर दुकान हलवू नका. आपापल्या मालाचे मंदीचे दिवस पाहा. दिवाळीच्या गिऱ्हाइकासाठी हलवायचे तर आषाढात हलवा, म्हणजे चुका दुरुस्त करायला हाताशी वेळ राहतो.

२. डोमेन, पैशाचे खाते आणि गिऱ्हाइकांची यादी गटाच्या नावावर आणि ताब्यात आहे याची खात्री करा.

३. कोटेशन पहिल्या वर्षाचे आणि दुसऱ्या वर्षाचे वेगवेगळे मागा. जोडसोयींचे भाडे त्यात लिहून घ्या. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी राहत नाही.

४. "माल चढवणे" यात काय काय आले ते एकेक करून लिहून घ्या. अभिप्राय, खोक्याची मापे, कराचे दर, जुन्या पत्त्यांच्या पाट्या.

५. सगळे सोडून जायचे झाले तर आपली माहिती कशी परत मिळेल, हे नवे दुकान घेतानाच विचारा.

६. दुकान उघडण्याआधी घरच्याच दहा माणसांना दहा गावांतून ऑर्डर करायला लावा. पैसे आले का, मेसेज पोचला का, कुरियरचे बिल किती आले, हे पडताळा.

७. कोटेशनाच्या रकमेइतकीच आणखी रक्कम बाजूला ठेवून मगच ठराव करा. उरली तर गटाचीच आहे.

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि गटांचे काम पाहणारे कर्मचारी यांनाही एक विनंती. गटाच्या ठरावावर किंवा अनुदानाच्या प्रस्तावावर सही करताना नुसते कोटेशन जोडलेले पाहू नये. पूर्ण खर्चाचा कागद मागावा. बिचाऱ्या बायकांना प्रश्न काय विचारायचे हेच ठाऊक नसते. तो प्रश्न आपण विचारला तर त्यांचा पैसा वाचतो.

या गटाने पुढे डोमेन स्वतःच्या नावावर करून घेतले, खोक्यांची मापे भरली, जुन्या यादीतल्या गिऱ्हाइकांना एकेक फोन केला. हळूहळू गिऱ्हाईक परत येऊ लागले, तरी सगळे आले नाही. मागच्या बैठकीत एक जण आणखी नवी योजना घेऊन आला, तेव्हा अध्यक्षांनी त्याचे पूर्ण ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "दादा, भाव कळला. आता पट्टी दाखवा."

ज्या गटांना दुकान हलवायचे आहे त्यांनी कोटेशन घेऊन पंचायत समितीच्या कृषी विभागात जरूर यावे. बसून पट्टी मांडू. त्याला पैसे पडत नाहीत.